डोंगरवाट दाखवण्याचा पेशा : मजुरी, हुनर आणि कॅमेरा

आपल्या समाजात मुलाच्या रोजगाराची गोष्ट निघाली की ठरावीक नावे पुढे येतात. यंत्रमाग, कापड, बेकरी, गॅरेज, भंगार, ड्रायव्हिंग, आणि पासपोर्ट तयार असेल तर आखात. मुलगा शिकलेला असेल तर फार्मसी किंवा कॉम्प्युटर. लोकांना डोंगरात घेऊन जाणे आणि त्यांचे फोटो काढणे यावर घर चालते, हे आमच्या भिवंडीच्या बाजारात अजून कोणी मानायला तयार नाही. माझा भाचा गेली सहा वर्षे हेच करतो. त्याचे जमाखर्चाचे वहीखाते मी पाहतो, म्हणून या धंद्याबद्दल चार शब्द लिहिण्याचा मला हक्क आहे असे समजतो.

त्याच्या सहली जरा वेगळ्या असतात. अंध, कर्णबधिर, कृत्रिम पाय लावलेले, व्हीलचेअरवर बसणारे, तसेच आयुष्यात कधी डोंगर न चढलेल्या पन्नाशीच्या बायका, सर्वांना त्यात जागा असते. याला आजकाल 'इन्क्लुझिव्ह ॲडव्हेंचर' म्हणतात. आपण सर्वसमावेशक साहस सहल म्हणू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा, एवढ्या गिऱ्हाइकाकडे सहल कंपन्यांनी वर्षानुवर्षे पाठ फिरवली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात मैदानी शिबिरे व साहसी उपक्रम यांत सहभागाची सोय करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. नोकरीतल्या आरक्षणाचे कलम सर्वांना माहीत असते, हे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही.

ज्याला चालवत नाही त्याला डोंगरावर नेण्याची सोय करणे, हा उद्योग आपल्याला नवा नाही. नेरळ-माथेरान रेल्वे १९०१ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. १६ लाख रुपये लागले, ते वडील सर आदमजी पीरभॉय यांनी घातले. हे सर आदमजी कापड गिरणीवाले होते आणि ब्रिटिश फौजेला तंबू पुरवण्यात त्यांनी मोठा पैसा कमावला होता. म्हणजे तंबूचा पैसा डोंगराच्या रुळात गेला. आमच्या कापडवाल्यांना ही गोष्ट मी नेहमी सांगतो. हज-उमऱ्याला जाऊन आलेल्यांनी सफा-मरवाच्या सईत व्हीलचेअरसाठी राखलेली वेगळी वाट पाहिली असेल. तिथे आपण म्हाताऱ्या आईला ढकलत नेतो, त्यात कोणाला नवल वाटत नाही. आणि इथे माहुलीच्या पायथ्याशी कोणी व्हीलचेअर उतरवली की गाव गोळा होते.

आता कामाचे स्वरूप. अंध माणसाला हाताला धरून ओढायचे नसते. तो वाट दाखवणाऱ्याच्या कोपराला धरतो. पायवाट अरुंद झाली की सॅकचा पट्टा धरतो, किंवा एका काठीची दोन टोके दोघे धरतात. वाट दाखवणारा बोलत राहतो : "गुडघाभर उंच पायरी आहे, उजवीकडे दरी, डोक्यावर फांदी." पाच तास असे बोलायचे म्हणजे घसा बसतो. एका अंधामागे एक डोळस माणूस, हे प्रमाण कमी करून चालत नाही. कळसूबाई हे १६४६ मीटरचे राज्यातले सर्वांत उंच शिखर. बारी गावाकडून चढताना लोखंडी शिड्या लागतात. तिथे एक माणूस वर, एक खाली आणि मध्ये अंध व्यक्ती. भाचा सांगतो की शिडीवर अंध माणूस डोळसापेक्षा शांत असतो, कारण त्याला खालचा खोल भाग दिसत नाही आणि हाताने दांडा नीट पकडण्याची त्याला सवय असते. डोळस लोकच मध्ये थांबून किंकाळ्या मारतात.

कर्णबधिरांच्या सहलीत पाठ करून बोललेला शब्द वाया जातो. चेहरा समोर ठेवायचा, उजेड चेहऱ्यावर पडेल असे उभे राहायचे आणि रात्रीच्या खुणा टॉर्चने आधी ठरवून घ्यायच्या. कृत्रिम पायवाल्याला चढण सोसते, उतरण जड जाते. घामाने पायाचा उरलेला भाग सॉकेटमध्ये सरकतो आणि सोलवटतो, म्हणून तासातासाला थांबून मोजा बदलावा लागतो. पाठीच्या कण्याला दुखापत झालेल्याला बसल्या जागी जखम होते तरी कळत नाही, कारण तिथे संवेदनाच नसते. त्याला थोड्या थोड्या वेळाने उचलून जागा बदलून द्यायची असते. आणि सर्वांत मोठा प्रश्न डोंगर नव्हे, संडास. फोनवर सहल विचारणाऱ्या निम्म्या लोकांचा पहिला सवाल तोच असतो. ज्याच्याकडे त्याचे सरळ उत्तर आहे त्याचे बुकिंग होते.

व्हीलचेअर खडकाळ वाटेवर चालत नाही. फ्रान्समध्ये जोएल क्लॉदेल नावाच्या डोंगर-गाईडने १९८७ साली आपल्या नात्यातल्या आजारी मुलासाठी एकाच चाकाची खुर्ची तयार केली. एक माणूस पुढे, एक मागे, मध्ये बसलेला माणूस. 'जोएलेट' हे तिचे नाव. परदेशातून मागवायची तर ती फार महाग पडते. आपल्याकडे डोलीवाले आहेतच, पण डोलीत बसणारा सामानासारखा जातो. एकचाकी खुर्चीत त्याचे तोंड वाटेकडे असते, हा फरक त्यांना विचारल्यावर कळतो. भिवंडी-कुर्ल्याच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी तिचा विचार करायला हरकत नाही. पाइप वाकवणे आणि एक चाक बसवणे हे आपल्या कारागिरांच्या हाताबाहेरचे काम नव्हे.

हे काम शिकायचे तर उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था, मनाली आणि पहलगाम इथल्या संस्था आहेत. बेसिक कोर्स सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यात ए ग्रेड मिळाली तरच ॲडव्हान्स कोर्सला घेतात. सरकारी संस्था असल्याने फी आवाक्यातली असते. त्यापुढे डोंगरातल्या प्रथमोपचाराचे प्रशिक्षण. मुंबईत १९५४ पासून गिरिविहारसारखी संस्था आहे, तिथे जुने जाणकार भेटतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. सहली भरवणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. म्हणजे स्वतःची कंपनी काढायची तर आधी कागद तयार करावे.

सामानाच्या बाबतीत मात्र आम्हा कापडवाल्यांचे ऐकावे. सॅक घेताना कापडाचे डेनिअर पाहावे, आतून पॉलियुरेथेनचा लेप आहे की नाही ते पाहावे, आणि शिवण उलटी करून टेप लावली आहे का ते तपासावे. पाणी कापडातून कमी आणि सुईच्या भोकातून जास्त येते. दोर नायलॉनचा असतो, आत गाभा आणि वर विणलेले आवरण. पडणाऱ्याला झेलण्याचा दोर ताणला जाणारा लागतो, उतरण्याचा व ओझे ओढण्याचा दोर न ताणणारा. दोन्ही दिसायला सारखे, काम उलटे. नायलॉनला ॲसिडचे वावडे आहे. टेम्पोत बॅटरीशेजारी ठेवलेला दोर वरून चांगला दिसेल पण भरवशाचा राहत नाही. उन्हात पडलेलाही तसाच. बाजारात सेकंड माल घेऊन चार पैसे वाचवण्याची आपली सवय इथे घरी ठेवावी.

मिळकतीचा हिशोब असा. सुरुवातीला भाच्याला दिवसाला ८०० रुपये आणि जेवण मिळे. आज लीडर म्हणून २५०० मिळतात, फोटोंचे वेगळे. पण हे दिवस शनिवार-रविवारचे, महिन्याला आठ. पावसाळ्यात गर्दी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चांगला हंगाम, एप्रिल-मे मध्ये सह्याद्री तापतो तेव्हा हिमालय. अधल्यामधल्या दिवसांत तो लग्नाचे फोटो काढतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे काही वर्षे तो ऐन हंगामात येतो. त्या महिन्यात तो चढणीच्या सहली घेत नाही. रोजा धरलेला माणूस दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी भर उन्हात घेऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे, आणि मला ते पटते. वहीत तो महिना कोरा असतो.

कंपन्यांना लीडर आणि फोटोग्राफर एकच माणूस हवा असतो, कारण एका मजुरीत दोन कामे होतात. माझ्या मते हा सौदा वाईट आहे. डोळा कॅमेऱ्यात असलेल्या माणसाला मागचा माणूस घसरलेला दिसत नाही. भाच्याने नियम केला आहे : शिडी, ओढा आणि कडा आला की कॅमेरा सॅकमध्ये. त्याचे चांगले फोटो सगळे विसाव्याच्या जागचे आहेत. व्हीलचेअरवरच्या माणसाचा फोटो तो गुडघे टेकून घेतो. उभ्याने घेतला तर माणूस केविलवाणा दिसतो. अंध मुली फोटोसोबत दोन ओळी लिहून मागतात, मी कुठे उभी होते, मागे काय होते, हसत होते का. मोबाइल त्या ओळी वाचून दाखवतो. सुरुवातीला त्याला हे जादा काम वाटे, आता तो त्याचेही पैसे लावतो आणि लोक आनंदाने देतात.

दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पोलिओने एक पाय गेलेले एक प्राध्यापक सहलीला आले होते. दिवसभर कुबडीवर चालले. एका ओढ्यात तेवढे दहा पावले सोबत्याने त्यांना पाठीवर घेतले. भाच्याने तोही फोटो काढला होता. महिन्याने त्या सहल कंपनीने नेमका तोच फोटो जाहिरातीत टाकला, वर दया येईल असा मजकूर आणि खाली देणगीचे आवाहन. प्राध्यापकांच्या वर्गातल्या मुलांनी तो पाहिला. त्यांनी भाच्याला फोन करून एवढेच विचारले, "मी भीक मागायला आलो होतो का?"

भाचा कंपनीकडे गेला. उत्तर मिळाले, मजुरी आम्ही दिली, फोटो आमचा. कायद्याने त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ असे सांगते की कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. पंधरा दिवस पत्रव्यवहार झाला, प्राध्यापकांनी स्वतः लेखी तक्रार दिली, तेव्हा फोटो निघाला. भाच्याला मात्र त्या हिवाळ्यात त्या कंपनीची एकही सहल मिळाली नाही. घरी बहिणीने विचारले, "एका फोटोपायी इतकी कामं गेली?" तो म्हणाला, "अम्मी, चेहरा त्यांचा होता, माझ्याकडे अमानत होता." मी त्याचा मामू, पण त्यावर मलाही काही बोलता आले नाही.

आता त्याच्याकडे एक पानी करार असतो. फोटोची मालकी फोटोग्राफरची, कंपनीला ठरलेल्या कामापुरती वापरण्याची परवानगी आणि ज्याचा चेहरा आहे त्याची संमती असल्याशिवाय जाहिरातीत वापर नाही. मजकूर वकिलाकडून तपासून घेतला, खर्च १५०० रुपये. अंध व्यक्तीला तो वाचून दाखवून मगच सही किंवा अंगठा घेतात. काही कंपन्या या कागदामुळे परत फिरल्या, दोन नव्या आल्या.

आपल्या बायका-मुलींचा प्रश्न वेगळा. अरुणिमा सिन्हा २०१३ साली कृत्रिम पायाने एव्हरेस्टवर गेल्या, २०२५ साली छोंझिन अंगमो ही अंध मुलगी गेली. ही नावे घेतली की आमच्याकडे लोक माना डोलावतात आणि आपल्या मुलीला माहुलीलाही पाठवत नाहीत. अडचणी खऱ्या आहेत, पण सुटणाऱ्या आहेत. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी खाल्ली तर हलालचा सवाल उरत नाही. नमाजसाठी विसावा आधीच वेळापत्रकात टाकता येतो. दुपट्टा सॅकच्या पट्ट्याखाली नीट खोचला की अडकत नाही. अडते ते एवढ्यावर की घरचे लोक बाई लीडर मागतात, आणि बाई लीडर फार थोड्या आहेत. उत्तरकाशी-दार्जिलिंगला मुलींचे स्वतंत्र कोर्सही होतात. तिथून शिकून आलेल्या मुलीला काम शोधावे लागणार नाही, काम तिला शोधत येईल. भाच्याच्या वहीत आजच्या तारखेला आमच्याच मोहल्ल्यातल्या अकरा बायकांची नावे आहेत, त्यातली एक कुबडीवर चालते. पैसे भरलेले आहेत. ज्या बाई लीडर यायच्या होत्या त्या हिमालयाच्या कामाला गेल्या आहेत, म्हणून तारीख अजून ठरलेली नाही.