माम्बो? सावा! शिदा!

दोस्तांनो, मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या सगळ्या गोळ्या संपवल्या होत्यात का? खरं सांगा हं! दोन दिवसांत ताप उतरतो, पाय मैदानाकडे ओढ घेतात आणि उरलेल्या गोळ्या कपाटावर पडून राहतात. "अरे, गोळी घेतलीस का?" ही आईची हाक पहिल्या दिवशी ऐकू येते. चौथ्या दिवशी तीच हाक पंख्याच्या घरघरीसारखी कानांवरून निघून जाते.

आपलं औषध पाचेक दिवसांचं. पण काही आजारांत ते जन्मभर, रोज घ्यावं लागतं. एड्स ज्याच्यामुळे होतो त्या एचआयव्ही विषाणूचं तसंच आहे. औषध नियमित घेतलं तर विषाणू दबून राहतो आणि माणूस कामधंदा, घरसंसार करत वर्षानुवर्षं चांगला जगतो. डोस चुकत गेले की मात्र विषाणूला फावतं. हळूहळू तो त्या औषधालाच दाद देईनासा होतो. म्हणजे विसरण्याची किंमत केवढी मोठी, बघा!

आफ्रिकेतल्या केनिया देशात डॉक्टरांनी यावर एक साधा उपाय करून पाहिला. २००७ ते २००९ या काळात तीन दवाखान्यांतल्या ५३८ रुग्णांवर हा प्रयोग झाला. त्यातले दोन दवाखाने नैरोबी या राजधानीत होते, तर एक काजियाडो भागात, जिथे गुरं राखणारे मसाई लोक राहतात. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीसारखे उपचार दिले. दुसऱ्या गटाला तेच उपचार, शिवाय दर आठवड्याला मोबाइलवर एक संदेश. संदेशात काय असायचं? 'औषध घ्या'? 'विसरू नका'? छे! एकच शब्द असायचा : 'माम्बो?'

स्वाहिली भाषेत याचा अर्थ, 'काय, कसं काय चाललंय?' रुग्णाने दोन दिवसांत उत्तर धाडायचं. 'सावा' म्हणजे ठीक आहे. 'शिदा' म्हणजे अडचण आहे. 'शिदा' आलं की दवाखान्यातून फोन जायचा. आणि गंमत म्हणजे, जो काहीच उत्तर द्यायचा नाही त्यालाही फोन जायचा!

यात आणखी एक शहाणपण होतं. एकच फोन घरातले चार जण वापरत असतील आणि संदेशात आजाराचं नाव असेल, तर गुपित फुटलंच म्हणून समजा. 'माम्बो?' वाचून मात्र कुणाला काय कळणार?

वर्षभराने हिशेब मांडला. संदेश मिळालेल्या २७३ जणांपैकी १६८ जणांनी औषध जवळजवळ न चुकता घेतल्याचं सांगितलं. दुसऱ्या गटात २६५ पैकी १३२ जणांनी. आता तुम्ही म्हणाल, सांगायला काय जातं! बरोबर आहे. म्हणून रक्तही तपासलं. विषाणू नीट दबलेले पहिल्या गटात १५६ निघाले, दुसऱ्यात १२८. जादू झाली नाही, पण फरक पडला. या प्रयोगाची हकिकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली छापून आली.

केनियातच झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगाची हकिकत २०११ साली आली. ती आईबाबांना जरूर वाचून दाखवा! तिथे काहींना रोज आठवण केली, काहींना आठवड्यातून एकदा. आठवड्यातून एकदावाल्यांमध्ये ५३ टक्के लोकांनी किमान ९० टक्के डोस घेतले. ज्यांना संदेशच नव्हते, त्यांच्यात ४० टक्क्यांनी. आणि रोजवाले? त्यांना संदेशांचा काही फायदाच झाला नाही! काही संदेशांत धीर देणारे गोड शब्दही घातले होते, पण त्यांनीही काही भर पडली नाही. मला वाटतं, रोजच्या संदेशाचा पंखा होत असावा.

आपल्या देशात क्षयरोग्यांसाठी वेगळी शक्कल लढवली गेली. क्षयाचं औषध साधारण सहा महिने चालतं आणि महिन्या-दोन महिन्यांत बरं वाटू लागलं की अनेक जण ते सोडून देतात. '९९ डॉट्स' या योजनेत गोळ्यांच्या पाकिटावरच फोन नंबर लपवला होता. गोळी बाहेर काढली की तो दिसायचा. त्या नंबरावर फुकटात फोन लावायचा, की आजची गोळी घेतल्याची नोंद झाली. फोन लावून गोळी खिशात टाकणारा एखादा बिलंदर असू शकतो, हे खरंच. पण ज्याचा फोन आलाच नाही, त्याची चौकशी कुणाला तरी करता यायची.