आंब्याच्या झाडावरील लहान जीव : शत्रू किती आणि सोबती किती?

आंब्याचे पूर्ण वाढलेले कलम म्हणजे केवळ खोड, फांद्या व पाने नव्हेत. ते लहान जीवांचे एक नांदते गाव असते. सालीच्या भेगांत, पानांच्या मागे, मोहोराच्या दांड्यांवर आणि खोडाच्या गाभ्यातही कोणी ना कोणी वस्ती करून असते. यांतील काही जीव झाडाचे अन्न लुबाडतात, काही त्या लुटारूंनाच खातात, तर काही झाडाचे कोणतेही नुकसान न करता केवळ आसरा घेतात. कोकणातील बागायतदाराचे वर्षाचे उत्पन्न मोहोराच्या थोड्या महिन्यांवर अवलंबून असते. त्यामुळे झाडावर किडा दिसताच फवारणी पंपाकडे हात जावा, हे स्वाभाविक आहे. परंतु दिसलेला किडा कोण आहे, हे न ओळखता केलेली फवारणी पुष्कळदा खर्चाची व उलट परिणामाची ठरते. म्हणून या गावातील मुख्य रहिवाशांची ओळख बागायतदार बंधुभगिनींना करून देण्याचे येथे योजिले आहे.

तुडतुडे

आंब्याच्या शत्रूंत पहिला मान तुडतुड्यांचा. हा पाचरीच्या आकाराचा, करड्या रंगाचा व जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर लांबीचा कीटक होय. तो तिरका चालतो व चाहूल लागताच उडी मारतो. मोहोर नसतो त्या काळात तुडतुडे खोडाच्या सालीतील भेगांत व दाट पानोळ्यात दडून राहतात. नवी पालवी फुटली व पाठोपाठ मोहोर आला की त्यांची संख्या झपाट्याने वाढते. मादी आपली अंडी कोवळ्या पालवीच्या व मोहोराच्या दांड्यांच्या आत घालते. पिल्ले व प्रौढ दोन्ही रस शोषतात. त्यामुळे मोहोर सुकतो आणि कणी गळते.

तुडतुड्यांच्या शरीरातून मधासारखा चिकट स्राव बाहेर पडतो. तो पानांवर व मोहोरावर पसरला म्हणजे त्यावर काळी बुरशी वाढते आणि पाने काजळी फासल्यासारखी दिसू लागतात. ही काजळी पानाच्या आत शिरत नाही, परंतु सूर्यप्रकाश अडविते व फळाचे रूप बिघडविते. काजळी हे लक्षण असून मूळ कारण तुडतुडे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

भिरूड

दुसरा शत्रू नजरेस न पडणारा आहे. खोडकिड्याची, म्हणजे भिरुडाची, अळी सालीखालून शिरून खोडाचा गाभा पोखरते. लांब मिशांचा मोठा भुंगेरा सालीच्या भेगांत अंडी घालतो. अंड्यातून निघालेली अळी कित्येक महिने लाकडातच राहून वाढते. खोडाच्या बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला, छिद्रातून रस ओघळलेला आढळला किंवा एखादी फांदी अवेळी पिवळी पडून वाळू लागली, तर भिरुडाचा संशय धरावा. येथे संपूर्ण झाडावर फवारणी करून काहीही साधत नाही, कारण अळी आत सुरक्षित असते. छिद्र मोकळे करून आकडी केलेल्या तारेने अळी बाहेर काढावी, शिफारस केलेल्या औषधात भिजविलेला बोळा आत घालावा आणि छिद्र चिखलाने लिंपावे. चार-दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. ताजा भुसा पडत असल्यास अळी जिवंत आहे असे समजावे.

झाडाचे राखणदार

याच झाडावर बागायतदाराचे काम बिनमोल करणारे जीव असतात. पाठीवर ठिपके असलेला अर्धगोल ढालकिडा पुष्कळांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याची अळी मात्र ओळखली जात नाही. ती लांबट, काळसर व खरखरीत दिसत असल्याने तिलाच कीड समजून मारले जाते. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका जातीच्या ढालकिड्याची अळी तर अंगावर पांढरे मेणचट तंतू वागविते व हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. ही जात मूळची ऑस्ट्रेलियातील असून 1898 मध्ये भारतात आणली गेली. नीट पाहिल्यास ती भराभर चालताना दिसते, तर पिठ्या ढेकूण बहुधा एका जागी चिकटून असतो.

जाळीदार हिरव्या पंखांचा एक नाजूक कीटक केसासारख्या बारीक देठांच्या टोकावर एकेक अंडे ठेवतो. पानावर अशी अंडी दिसली म्हणजे बुरशी आली असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः त्यांतून निघणाऱ्या अळ्या मऊ अंगाच्या किडींचा फडशा पाडतात. कोळी जाळ्यात किंवा दबा धरून तुडतुडे पकडतात. दमट हवेत काही बुरशीही कीटकांना रोगट करून मारतात. मेटारायझियम व बिव्हेरिया या अशाच बुरशी असून त्यांची तयार औषधे आज बाजारात मिळतात.

तांबड्या मुंग्यांच्या दोन बाजू

पाने जोडून झाडावर घरटे करणाऱ्या तांबड्या मुंग्या, म्हणजे ओंबील, कोकणात सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या अळ्यांच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो. कामकरी मुंग्या अळीला तोंडात धरून तिच्या धाग्याने पाने शिवतात. या मुंग्या झाडावर सतत फिरून अनेक किडींची शिकार करतात. चीनमध्ये संत्रावर्गीय फळबागांच्या रक्षणासाठी यांची घरटी विकत आणून झाडांवर बांधण्याची प्रथा सुमारे सतराशे वर्षांपूर्वीपासून नोंदली गेली आहे.

परंतु त्यांना सरसकट मित्र म्हणणेही बरोबर नाही. पिठ्या ढेकूण व खवले कीड यांचा गोड स्राव त्यांना प्रिय असल्यामुळे त्या या किडींना शत्रूंपासून सांभाळतात. शिवाय घळीने फळे काढणाऱ्या गड्याला त्यांचा चावा सोसावा लागतो. म्हणून घरट्याजवळ पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड वाढली असल्यास काढणीपूर्वी तेवढेच घरटे काढून टाकावे. अन्यथा ते राहू द्यावे.

मोहोरावरील माश्या

आंब्याच्या एका मोहोरात हजारावर फुले असू शकतात. त्यांतील बरीच केवळ नर असतात. फळ धरू शकणारी संयुक्त फुले हापूसमध्ये तुलनेने कमी असतात. परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेण्याचे काम मुख्यतः निरनिराळ्या जातींच्या माश्या आणि लहान मधमाश्या करतात. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारले तर तुडतुड्यांबरोबर याही मरतात. सुक्याबरोबर ओले जळते, ते असे. ज्या फळासाठी खर्च करावयाचा, त्याची धारणाच या फवारणीने कमी होण्याचा धोका असतो.

संत्र्याच्या बागांतील धडा

राखणदार जीव नाहीसे झाले तर काय घडते, याचे एक बोलके उदाहरण परदेशातील फळबागांत सापडते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात गेल्या शतकापूर्वी संत्रावर्गीय झाडांवर कापसासारखी दिसणारी खवले कीड आली व बागा उजाड होऊ लागल्या. ही कीड मूळची ऑस्ट्रेलियातील. तेथूनच 1888-89 मध्ये तिला खाणारा एक लहान ढालकिडा आणून सोडण्यात आला आणि अल्प काळातच कीड आटोक्यात आली. हीच कीड 1928 च्या सुमारास आपल्या देशात निलगिरीत आढळली, तेव्हाही त्याच ढालकिड्याचा उपयोग करण्यात आला.

पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील काही बागांत इतर किडींसाठी डी.डी.टी. फवारले गेले. त्याने ढालकिडे मेले, परंतु खवले कीड तगली आणि अनेक वर्षे दबलेली ही कीड पुन्हा उसळली. फवारणी थांबविल्यावर व ढालकिडे परत सोडल्यावरच ती ओसरली. आपल्याकडेही एके काळी तुडतुड्यांवर डी.डी.टी. वापरले जात असे. शेतीसाठी त्याच्या वापरावर 1989 मध्ये बंदी आली. औषध बदलले, तरी नियम तोच राहतो : राखणदार मेले की चोरांचे फावते. शिवाय एकाच गटातील औषध वारंवार वापरल्यास किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होते. कोकणात अलीकडे डोकेदुखी ठरलेल्या फुलकिड्यांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

बागायतदारांनी काय करावे?

1. पालवी फुटल्यापासून फळ सुपारीएवढे होईपर्यंत आठवड्यातून एकदा बाग फिरून पाहावी. काही ठरावीक कलमे निवडून प्रत्येकाच्या चारही दिशांचा एकेक मोहोर तपासावा. तुडतुडे किती व राखणदार किती, याची वहीत नोंद ठेवावी. एका आठवड्याच्या आकड्यापेक्षा संख्या वाढते आहे की घटते आहे, हे अधिक महत्त्वाचे आहे.

2. काढणीनंतर दाट वाढलेल्या, वाळलेल्या व एकमेकींत शिरलेल्या फांद्यांची विरळणी करावी. तुडतुड्यांना दाट सावली व दमटपणा मानवतो. ऊन व वारा खेळता राहिला की त्यांचा जोर कमी होतो.

3. फवारणी आवश्यकच ठरल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वेळापत्रकाप्रमाणे, सांगितलेल्या मात्रेतच करावी. पालवीच्या वेळी व बोंगे फुटताना नियंत्रण साधल्यास ऐन फुलोऱ्यात फवारणीची वेळ सहसा येत नाही. फुलोऱ्यात फवारणी टाळावी आणि लागोपाठ एकाच गटातील औषध वापरू नये.

4. फळमाशीसाठी संपूर्ण झाड भिजविण्याऐवजी विद्यापीठाने विकसित केलेला रक्षक सापळा वापरावा. त्यातील गंधाने फळमाशीचे नर आकर्षिले जाऊन मरतात व इतर जीवांना सहसा उपद्रव होत नाही. गळलेली किडकी फळे गोळा करून नष्ट करावीत, कारण त्यांतील अळ्या जमिनीत जाऊन कोश करतात.

5. किडा ओळखता न आल्यास तो काचेच्या बाटलीत घालून कृषी सहायकास किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा व मगच औषध खरेदी करावे.

फवारणी वर्ज्य करावी, असे या लेखाचे सांगणे नाही. तुडतुड्यांचा उद्रेक झाला असता हात बांधून बसणे म्हणजे हातचे पीक घालविणे होय. परंतु औषध हे अखेरचे शस्त्र असून ते नेम धरून चालवावे लागते, आणि नेम धरण्यासाठी समोर कोण आहे हे दिसावे लागते. एक साधे भिंग व एक वही यांचा खर्च औषधाच्या एका बाटलीपेक्षा पुष्कळच कमी आहे. येत्या हंगामात पालवी दिसू लागताच बागायतदारांनी हा लहानसा उपक्रम हाती घ्यावा आणि पंप उचलण्यापूर्वी झाडावरील गावाची एकदा नीट शिरगणती करावी.