कारखान्याचे वळण
(ऊसविकास अधिकारी यांजकडून)



कारखान्याचे नियम उपविधीत छापलेले असतात. वळण मात्र कुठेच छापलेले नसते. नवा चिटबॉय कामावर लागला की त्याला उपविधी कोणी वाचून दाखवीत नाही. तो आठ दिवस जुन्या माणसांबरोबर फडावर हिंडतो आणि इथे काय चालते, काय खपते ते बघून घेतो. शहरात याला कार्यसंस्कृती म्हणतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत असे घातले. आदेश सगळ्यांना एकच, पण कुठे पैसे वेळेवर मिळाले, कुठे सभासद हेलपाटे घालून थकले. हा फरक वळणाचा.

मी या कामात नवा होतो तेव्हाची गोष्ट. कारखाना दुसरा होता. एका शेतकऱ्याचा को ८६०३२ चा आडसाली ऊस नोंदीप्रमाणे डिसेंबरात तुटायचा होता. वरून निरोप आला, टोळी अमक्याच्या फडात लावा. मी लावली. का म्हणून विचारले नाही, कारण तिथे कोणी विचारीतच नसे. मग दुसरा निरोप, मग तिसरा. त्या शेतकऱ्याचा ऊस तुटला मार्च सरता सरता. तुरा येऊन गेलेला, आत दशी पडलेली. मोळी उचलली तर हाताला हलकी लागत होती. वजनाची पावती घेऊन तो माझ्यापुढे उभा राहिला. "साहेब, तारीख तुम्हीच लिहिली होती ना?" एवढेच म्हणाला.

पुढच्या हंगामात टोळी गावात उतरायच्या आतच तो मुकादमाला खुशाली देऊन मोकळा झाला. त्याला काय बोलणार? शिकवणारे आम्हीच.

वळण मुळातच कसे लावता येते, हे पाहायचे तर प्रवरानगरकडे बघावे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल उभे केले आणि १९५० साली कारखाना सुरू झाला. खटपट त्यांची, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर त्यांनी आधी बसविले पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांना. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे. ज्याचा तिथे ना फड, ना भाऊबंदकी, असा माणूस हिशेबावर बसला. त्याला कोण सांगणार, आमच्या पाहुण्याचा ऊस आधी घ्या म्हणून? पुढे सहकारात काय काय झाले ते आपण सारे जाणतोच. पण सुरुवात अशी होती.

आपल्या वेरूळचे कैलास लेणेही कळसाकडून पायाकडे कोरत आणलेले आहे. वर चुकलेला घाव खाली आल्यावर दुरुस्त होत नाही. म्हणून संचालक मंडळाने आणि आम्ही अधिकाऱ्यांनी आधी स्वतःकडे पाहावे हे खरेच. तरी फोन करणारे हात सभासदांचेच असतात, हेही लिहिल्यावाचून राहवत नाही.

खुलताबादेत हे जास्त झोंबते. डोंगराळ तालुका, विहिरीवरचा ऊस, फड लहान आणि रस्त्यापासून आत. टोळीला आणि ट्रकवाल्याला सडकेकाठचा मोठा फड गोड लागतो. आतल्या फडाची पाळी महिनाभर पुढे गेली की विहिरीने तळ गाठलेला असतो. मग उभ्या उसाला पाणी कुठून आणायचे?

यंदा लागणीच्या नोंदींची यादी तारखेसह गट कार्यालयाबाहेर भिंतीवर लावली आहे. कोणाचा ऊस पाळी सोडून तोडला, तर कारण त्याच यादीवर लाल शाईने लिहिले जाईल आणि खाली माझी सही राहील. आपला गट नंबर, क्षेत्र आणि तारीख पाहून घ्यावी. चूक असल्यास मोळी पूजनापूर्वी लेखी कळवावे. तोंडी निरोप घेतला जाणार नाही, माझ्या नात्यातल्यांचासुद्धा.