जनपदोद्ध्वंस, देवराई आणि आपले दशमूळ

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. वायू, जल, देश आणि काल हे चार भाव विकृत झाले म्हणजे भिन्न प्रकृतीची, भिन्न आहारविहाराची माणसेही एकाच वेळी रोगग्रस्त होतात, हा त्याचा सारांश. मात्र त्याच अध्यायाच्या आरंभीचा एक आदेश उत्तरपत्रिकेत सहसा लिहिला जात नाही. कांपिल्य नगरीत, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, गंगातीरीच्या वनातून शिष्यांसह फिरताना भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवा. एकदा त्यांचे रस, वीर्य, विपाक व प्रभाव नष्ट झाले की उपयोग नाही. म्हणजे चिकित्सेची चिंता करण्याआधी आचार्यांना द्रव्याची चिंता वाटली.

ही चिंता आज नाशिककर वैद्याला परकी राहिलेली नाही. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन हेमंतात, निफाड परिसरात गारपीट झाली आणि द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. मे २०२५ मध्ये ग्रीष्म संपण्यापूर्वीच महाराष्ट्रात पावसाने ठाण मांडले. रुग्णाला ऋतुचर्या सांगताना ‘सध्या ऋतू कोणता?’ हा प्रश्न वैद्यालाच पडावा, याला कालविपर्यय नाही तर काय म्हणावे? वायूपेक्षा जल, जलापेक्षा देश आणि देशापेक्षा काल अधिक दुष्परिहार्य, असा क्रम चरकांनी दिला आहे. काल आपल्या हाती नाही. देश मात्र काही अंशी आहे.

या ‘देशा’ची चिकित्सा नाशिककरांनी आपल्या परीने आरंभिली आहे. ५ जून २०१५ रोजी, जागतिक पर्यावरणदिनी, सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर वन विभागाच्या जागेत हजारो नागरिक जमले आणि एका दिवसात दहा हजारांहून अधिक देशी वृक्षांची रोपे लावली गेली. श्री. शेखर गायकवाड यांच्या ‘आपलं पर्यावरण’ या संस्थेचा त्यात पुढाकार होता. आज ती जागा ‘नाशिक देवराई’ म्हणून ओळखली जाते. पुढे म्हसरूळलाही याच धर्तीवर वनराई उभी राहिली. आपल्यापैकी अनेकांना पदवी देणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठही म्हसरूळलाच आहे, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

येथे एक कबुली देणे मला आवश्यक वाटते. अनेक वर्षांपूर्वी धन्वंतरी जयंतीच्या निमित्ताने आम्ही काही वैद्यांनी एका उजाड टेकडीवर शिवण आणि पाडळीची रोपे लावली. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. वैशाखात पाहावयास गेलो तो जागेवर वाळलेल्या काड्या होत्या. रुग्णांना काल आणि मात्रा यांचा उपदेश करणाऱ्या आम्ही मंडळींनी पाऊस सरल्यावर, आश्विन वद्य त्रयोदशीस, रोपे लावली होती आणि नंतर पाणी कोण घालणार हे ठरवलेच नव्हते! देवराईचे वेगळेपण मला त्या दिवशी कळले. तिथे लागवड पावसाच्या तोंडावर झाली आणि पुढील उन्हाळ्यांतही माणसे पाणी घालण्यासाठी डोंगर चढत राहिली. वृक्षारोपण हा एका दिवसाचा उत्सव असतो. वृक्षसंगोपन हे अनेक ऋतूंचे पथ्य आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हे शहर पुन्हा वृक्षांसाठी एकत्र आले. २०२७ च्या सिंहस्थासाठी तपोवनात साधुग्राम उभारताना सुमारे अठराशे झाडे बाधित होणार, असे समजताच नागरिक व विद्यार्थी झाडांना कवटाळून उभे राहिले. अभिनेते सयाजी शिंदेही तेथे आले. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने वृक्षतोडीस तात्पुरती स्थगिती दिली. सिंहस्थ आपल्या सर्वांच्या श्रद्धेचा विषय आहे आणि येणाऱ्या साधुसंतांची सोय व्हावी यात दुमत नाही. परंतु जुन्या वृक्षाच्या बदल्यात दहा रोपे, हा हिशेब वैद्याला पटू नये. जीर्ण गुळाचे काम नवा गूळ करीत नाही, हे आपण जाणतोच.

आता थोडे स्वतःकडे पाहू. बेल, ऐरण, टेंटू, पाडळ, शिवण हे बृहत्पंचमूळ. पाचही वृक्षच, मूळ खणले म्हणजे बहुधा वृक्षच गेला. अशोकारिष्टासाठी अशोकाची साल लागते. तो अशोक आज जागतिक संकटग्रस्त सूचीत आहे आणि गुग्गुळ तर अतिसंकटग्रस्त. बाजारात अशोकाच्या नावाने दुसऱ्याच झाडाची साल मिळते, हे औषधी विक्रेत्या बंधूंना सांगावयास नको. वृक्षतोडीविरुद्ध निवेदनावर सही करणारा वैद्य त्याच सायंकाळी दशमुळाच्या पोत्याचा उगम न विचारता मागणी नोंदवीत असेल, तर तो प्रज्ञापराधच होय. मी स्वतः अनेक वर्षे तो केला आहे.

म्हणून व्यवसायबंधूंपुढे चार साध्या गोष्टी ठेवतो. प्रत्येक चिकित्सालयाने दरवर्षी पंचमुळातील एक वृक्ष ज्येष्ठ-आषाढात लावावा व सलग तीन उन्हाळे जगवावा. औषधनिर्मात्यांनी मूळ व साल खरेदी करताना माल लागवडीचा की जंगलातला, याची लेखी नोंद ठेवावी आणि लागवड करणाऱ्या शेतकऱ्यास प्राधान्य द्यावे. काढ्याचा चोथा कचऱ्यात न टाकता खत म्हणून झाडांना द्यावा. आणि देवराईत जावे ते वनस्पती ओळखण्यासाठी, विद्यार्थ्यांना घेऊन. तिथून काडीही आणू नये. सह्याद्रीतल्या जुन्या देवरायांचा नियम हाच होता आणि त्यामुळेच त्या टिकल्या.

चार-दोन हजार झाडांनी जगाचे तापमान उतरणार नाही, हे मान्य. परंतु सावली मिळेल, माती ओल धरील आणि बी टिकेल. आत्रेयांनी औषधी काढून ठेवण्यास सांगितले, कारण त्या काळी अरण्य विपुल होते. आज त्याच आदेशाचा अर्थ औषधी लावून ठेवा, असा घ्यावा लागेल. येत्या पावसाळ्याला फार अवकाश नाही. रोपांची नोंदणी आजच करावी, ही विनंती.