गाडी बंद पडली, पण पडली कशी?

कोल्हापूरहून पन्हाळ्याला निघालेली मोटारसायकल केर्ली मागे टाकते आणि पुढे गचके देत थांबते. दहा मिनिटं झाडाखाली उभी केली की एका किकला चालू होते. वाघबीळच्या चढाला पुन्हा तेच. मागे बसलेला ठामपणे सांगतो, ‘इंजिन तापलंय, दुसरं काही नाही.’

हा समज फार पक्का बसलाय आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. तेल नीट असलेलं इंजिन वीसेक किलोमीटरांत बंद पडण्याइतकं तापत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत आधी टाकीचं झाकण बघा. त्याला हवेसाठी बारीक छिद्र असतं. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत येते. धुळीनं ते बुजलं की आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. गाडी उभी राहिली की हळूहळू हवा शिरते, म्हणून ती पुन्हा चालू होते. आपण मात्र समजतो की इंजिन निवलं. गाडी बंद पडताक्षणी झाकण उघडा. ‘सुस्स’ आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष सापडला.

झाकण उघडूनही फरक नाही? मग इग्निशन कॉइलचा संशय घ्या. खराब कॉइल गरम झाली की ठिणगी देणं सोडते, गार झाली की परत देते. लक्षण वरवर तेच, पण बंद पडण्याची तऱ्हा वेगळी. पेट्रोल तुटलं तर गाडी आचके देत मरते. करंट तुटला तर चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प होते. मिस्त्रीला ‘बंद पडते’ एवढंच न सांगता हे सांगितलंत, तर त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे वाचतात.

‘प्लग बदला, काम होईल’ हाही असाच सल्ला. जुना प्लग फेकण्याआधी त्याचं तोंड बघा. ओलं आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी कमी पडतेय. कोरडं असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. काळी काजळी असेल तर एअर फिल्टर उघडा. नवा प्लग यातला मूळ दोष सहसा दुरुस्त करत नाही.

एप्रिल 2020 पासून उत्सर्जनाचे बीएस-6 नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन बसलं. त्या बंद पडत नाहीत असं नाही. चावी लावल्यावर इंधनपंपाची बारीक घूं ऐकू येते का बघा. साइड स्टँडला स्विच असेल, तर त्यात चिखल बसल्यावर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं. उसाच्या शेतातून आलेल्या गाडीत आधी हा स्विच धुवा.

सगळं खापर पेट्रोलमधल्या इथेनॉलवर फोडू नका. ते पाणी शोषतं हे खरं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. त्यामुळे पावसाळाभर न वापरता उभ्या राहिलेल्या गाडीत हा त्रास संभवतो, रोजच्या गाडीत क्वचित.

आणि ज्यात खरंच इंजिन जातं ती चूक. 2019 आणि 2021 च्या महापुरात कोल्हापुरात कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. ‘उन्हात वाळवली, आता किक मारून बघू’ असं करू नका. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा. मगच हळू किक मारून पाणी बाहेर काढा. तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर ते बदलेपर्यंत इंजिन चालू करू नका.