सुवर्ण-उत्प्रेरित ग्लायकोसिडीकरण

सुवर्ण-उत्प्रेरित ग्लायकोसिडीकरण ही सोन्याच्या क्षारांच्या किंवा जटिल संयुगांच्या साहाय्याने दोन शर्करा रेणू जोडण्याची सेंद्रिय रसायनशास्त्रातील पद्धत आहे. पुणे येथील संशोधनाचा तिच्या विकासात महत्त्वाचा वाटा आहे.

== पार्श्वभूमी ==
शर्करा रेणूत अनेक हायड्रॉक्सिल गट असतात. त्यामुळे जोड कोणत्या गटाशी व्हावी आणि बंध अल्फा असावा की बीटा, हे दोन्ही नियंत्रित करावे लागते. तांदळातील स्टार्च आणि कापसातील सेल्युलोज ही दोन्ही ग्लुकोजचीच बहुवारिके होत. मात्र स्टार्चमधील बंध अल्फा असल्याने ते माणसाला पचते, तर सेल्युलोजमधील बंध बीटा असल्याने ते पचत नाही. १९०१ मधील केनिग्स-क्नोर पद्धतीत शर्करेचे हॅलाइड आणि चांदीचे क्षार वापरले जात. अशी हॅलाइडे बहुधा अस्थिर असतात आणि चांदीचे क्षारही मोठ्या प्रमाणात लागतात.

== कार्यपद्धती ==
२००६ मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, पुणे येथील श्रीनिवास होता व सुधीर कश्यप यांनी प्रोपार्जिल ग्लायकोसाइड हे स्थिर शर्करादाते म्हणून वापरता येतात, असे दाखवले. सोन्याचा क्लोराइड क्षार प्रोपार्जिल गटातील तिहेरी बंधाशी जोडला जातो व तो गट रेणूपासून सुटतो. त्यातून तयार झालेल्या धनभारित मध्यस्थावर दुसऱ्या शर्करेचा हायड्रॉक्सिल गट हल्ला करतो. सोने उत्प्रेरक असल्याने ते अल्प प्रमाणात पुरते.

== निवडकता ==
बेंझिल गटांनी संरक्षित केलेल्या अशा दात्यांपासून अल्फा व बीटा यांचे मिश्रण मिळते. म्हणजे केवळ धातू वापरल्याने दिशा ठरत नाही. होता यांच्या गटाने त्यानंतर प्रोपार्जिल १,२-ऑर्थोएस्टर वापरले. त्यांत दुसऱ्या कार्बनवरील एस्टर गट मध्यस्थाची एक बाजू अडवतो, त्यामुळे नवा बंध विरुद्ध बाजूने तयार होऊन १,२-ट्रान्स ग्लायकोसाइड मिळते. १,२-सिस बंधासाठी हा उपाय चालत नाही व तो बंध घडवणे अधिक अवघड मानले जाते.

== उपयोग ==
होता यांच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था, पुणे येथील गटाने २०१६ मध्ये अल्काइनिल ग्लायकोसिल कार्बोनेट दात्यांचा वापर करून क्षयरोगाच्या जिवाणूच्या पेशीभित्तिकेतील लायपोअरॅबिनोमॅननशी साधर्म्य असलेली १३ शर्करा घटकांची साखळी तयार केली. जिवाणूपासून अशा साखळ्या शुद्ध व एकजिनसी स्वरूपात वेगळ्या करणे कठीण असते; म्हणून त्यांच्या अभ्यासासाठी संश्लेषण उपयुक्त ठरते.

== हेही पहा ==
* कर्बोदके
* उत्प्रेरक
* क्षयरोग