गुंगी उतरली, हे ठरवायचं कुणी?

दंतवैद्याच्या खुर्चीत गुंगी वेगवेगळ्या प्रकारे देतात. नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड, तोंडाने गोळी किंवा पातळ औषध, नाहीतर शिरेतून मिडाझोलामचं इंजेक्शन. आज खुर्चीवरून उतरल्यानंतरच्या दिवसाकडे येऊ. या दिवशी एक घोळ हमखास होतो. गुंगी उतरली का, हे आपण ज्याला गुंगी दिली त्यालाच विचारतो. तो ‘एकदम ओके’ म्हणतो, आपण मान डोलावतो आणि स्वारी स्कूटरची किल्ली शोधायला लागते. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात कमी भरवशाचा साक्षीदार तोच असतो. मिडाझोलाम नुसती भीती घालवत नाही, नव्या आठवणी साठवण्याचं कामही काही तासांपुरतं बिघडवतं. माणूस सरळ बोलतो, डॉक्टरांच्या सूचनांना हो-हो करतो आणि तासाभराने त्यातलं अवाक्षर सांगू शकत नाही. आता अक्कलदाढ काढल्यावरचं दृश्य बघा. बधिरपणा ओसरतो, ठणका सुरू होतो, साडेतीनला पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते. ती घेतल्याचं डोक्यात राहत नाही, म्हणून पाचला दुसरी. वर घरातल्या डब्यातली तापाची गोळी, आणि त्यातही तेच पॅरासिटामॉल. म्हणून त्या दिवशी गोळ्यांची पाकिटं सोबतच्या माणसाकडे असावीत आणि प्रत्येक गोळीची वेळ कागदावर लिहावी. सूचनाही त्यालाच, लेखी मिळाल्या पाहिजेत. रुग्णाच्या हातात कागद कोंबून मोकळं होणाऱ्या दवाखान्याने अर्धंच काम केलेलं असतं.

गुंगीनंतर चोवीस तास जपायला सांगतात, त्यावर एक रास्त आक्षेप आहे. मिडाझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन-अडीच तासांत निम्मं होतं. मग चोवीस तास गाडी नको, सही नको, गॅसपाशी एकट्याने जायचं नाही, हे अति नाही का? हिशेब मांडला तर दर दोन तासांना निम्मं धरून आठ तासांनी सोळावा हिस्सा उरतो, हे खरं. पण हा हिशेब धडधाकट तरुणाचा. म्हातारपणी, स्थूल शरीरात किंवा यकृत अधू असताना औषध बरंच रेंगाळतं. मिडाझोलामऐवजी डायझेपाम दिलेलं असेल तर प्रश्न तासांचा राहत नाही, दिवसांचा होतो. त्यात रात्रीची अल्प्राझोलामसारखी शामक गोळी, सर्दीची झोप आणणारी गोळी, ट्रामाडॉलसारखं वेदनाशामक किंवा एखादा पेग पडला की उरलेल्या अंशालाही बळ येतं. शिवाय झोप उडाली म्हणजे हातपाय आणि निर्णय जागेवर आले असं नसतं, तरतरी आधी येते. आपलं औषध नेमकं किती वेळ टिकेल हे घरी मोजता येत नाही, चोवीस तासांची सीमा त्यासाठी आहे. पण नुसता नायट्रस ऑक्साइड दिला असेल तर हा नियम जसाच्या तसा चिकटवण्यात अर्थ नाही. तो वायू फुफ्फुसांतून काही मिनिटांत निघून जातो, आणि प्रौढ रुग्णाला तपासून एकट्याने सोडायचं की नाही हे दंतवैद्य ठरवू शकतो. सगळ्यांना एकच छापील कागद दिला, की लोक तो वाचायचंच सोडतात.

सोबतच्या माणसाने करायचं काय? पहिलं म्हणजे दुचाकीवर मागे बसवून न्यायचं नाही. डुलकी लागली की पकड सुटते. जिना चढताना हात धरायचा, पहिल्यांदा बाथरूमला जाताना दाराला आतून कडी नको. जखमेवर दाबून धरलेला गॉझचा बोळा तोंडात ठेवून झोपू द्यायचं नाही, तो घशात जाऊ शकतो. डोकं थोडं उंच ठेवून झोपवावं आणि अधूनमधून हाक मारावी. हाकेला ओ आली नाही, श्वास घोरत-अडखळत चालला किंवा ओठ निळसर दिसले, तर ‘झोपू दे बिचाऱ्याला’ हे घातक ठरतं. तिथे १०८. मुलांच्या बाबतीत तर जास्तच डोळ्यांत तेल घालावं लागतं. गाडीत बसल्या-बसल्या पेंगणाऱ्या लहान मुलाची मान पुढे कलली, की श्वासाची वाट तिथेच अडू शकते. बालभूलतज्ज्ञ चार्ल्स कोटे यांच्या गटाने अमेरिकेत मुलांना गुंगी दिल्यावर झालेल्या दुर्घटना तपासून २००० साली निष्कर्ष छापले. त्यात दवाखान्यातून सुटल्यावर, गाडीत किंवा घरी घडलेल्याही होत्या. म्हणून मूल गुंगीत असेल तर चालवणारा एक आणि मुलाकडे बघणारा दुसरा, अशी दोन मोठी माणसं हवीत. घरी आल्यावर बधिर ओठ ते चावून चावून सुजवतं, तेव्हा बधिरपणा जाईपर्यंत चावायचा खाऊ नको.

एकट्या राहणाऱ्याने काय करावं, हा प्रश्न मात्र नियमावलीने सुटत नाही. पुण्या-मुंबईत नोकरीसाठी राहणाऱ्याला किंवा मुलं परदेशी असलेल्या आजींना ‘कुणाला तरी आणा’ म्हणणं सोपं आहे. टॅक्सीचा ड्रायव्हर हे त्याचं उत्तर नव्हे, तो फाटकाशी सोडून निघून जातो. पण शिरेतून गुंगी हा बहुतेकदा एक पर्याय असतो, सक्ती नसते. कितीतरी अक्कलदाढा नुसत्या जागेवरच्या भुलीने निघतात आणि भीती मध्यम असेल तर नायट्रसवरही भागतं. तेव्हा सोबत मिळेल का, हा प्रश्न अपॉइंटमेंट घेतानाच, पद्धत ठरण्याआधी दंतवैद्यासमोर ठेवावा. गुंगी हवीच असेल, तर शेजारच्या काकूही चालतील. त्यांनी संध्याकाळपर्यंत घरात थांबायला हवं, रात्रीची सोय आधी लावायला हवी आणि दवाखान्याचा नंबर त्यांच्या फोनमध्ये हवा.